पत्राच्या कडेला लिहिलेले गीत

योसानो अकिको यांनी रणांगणावरील धाकट्या भावाला उद्देशून लिहिलेली कविता ‘म्योजो’ मासिकाच्या सप्टेंबर १९०४ च्या अंकात आली. रशिया-जपान युद्ध ऐन भरात होते. उपशीर्षकात पोर्ट आर्थरला वेढा घालणाऱ्या सैन्याचा स्पष्ट उल्लेख होता. भावाने जिवंत परतावे, साकाई येथील व्यापारी घराण्याच्या वारसाला त्या किल्ल्याच्या जयपराजयाशी काय कर्तव्य, असे ती बहीण विचारते. सम्राट स्वतः युद्धास जात नाहीत, हेही ती बोलून दाखवते. ओमाची केइगेत्सु या टीकाकाराने ‘ताइयो’ मासिकातून तिच्यावर राजद्रोहाचा आरोप केला. १९४५ नंतरच्या अभ्यासकांनी तिलाच युद्धविरोधी काव्याचा मान दिला. निंदा आणि स्तुती यांत अंतर मोठे खरे. परंतु कविता म्हणजे एक जाहीरनामा, हे गृहीत दोहोंकडे एकच आहे.

अकिको यांचे उत्तर ‘हिराकिबुमी’, म्हणजे खुले पत्र, या नावाने त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. भावाला धाडलेल्या पत्राच्या कडेला आपण हे गीत लिहिले, असे त्यात त्या सांगतात. स्थानकावर सैनिकांना निरोप देणारी माणसेही सुखरूप परत या असेच म्हणतात, याची त्या आठवण देतात. टीकाकारांनी हा बचावाचा युक्तिवाद मानला. आमच्या मते तो काव्यप्रकाराचा निर्णय आहे. घरच्या पत्राची कसोटी घोषणेच्या कसोटीहून निराळी असते. जात्यावरच्या ओवीतला भाऊराया ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

या निर्णयाला तत्कालीन स्त्रियांच्या हातच्या वस्तूही पुष्टी देतात. ‘सेन्निनबारी’ हा कमरेला गुंडाळावयाचा पट्टा. त्यावर हजार स्त्रियांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ घालावयाची. व्याघ्रवर्षी जन्मलेल्या स्त्रीला मात्र वयाइतक्या गाठी घालण्याची मुभा असे, कारण वाघ हजार कोस जाऊनही परततो अशी समजूत. चीनबरोबरच्या युद्धात, १९३७ नंतर, त्यावर पाच सेनचे नाणे शिवीत: ‘शिसेन’ म्हणजे चार सेन आणि ‘शिसेन’ म्हणजेच मरणरेषा, पाच सेन त्या रेषेपलीकडचे. सभेतले शब्द हौतात्म्याचे, सुईचे शब्द परतीचे. अकिको यांनी सुईचे शब्द छापले, एवढाच त्यांचा अपराध.

सैनिकांसाठीच्या भेटपिशव्या, ‘इमोनबुकुरो’, रशियाशी झालेल्या त्याच युद्धापासून रूढ झाल्या. साबण, पंचा आणि एखादे पत्र असे त्यांचे साधे रूप. १९३० नंतरच्या दशकात मोठ्या दुकानांतून त्या तयार भरलेल्या विकत मिळू लागल्या, आणि कोणी कोणास काय कळवावयाचे हा प्रश्नच उरला नाही.

हा बदल अकिको यांच्याही लेखनात दिसतो, हे लपविण्यात अर्थ नाही. १९४२ साली, मृत्यूच्या वर्षी, नौदलात अधिकारी होऊन युद्धास निघालेल्या मुलावर त्यांनी तांका रचला. त्यात शौर्याने लढ, असे सांगितले आहे. परतण्याविषयी अक्षर नाही.