‘कासव’ : आधार योगायोगाने मिळू नये

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येचा प्रयत्न केलेला तरुण मानव कोकणकिनारी जानकीच्या आश्रयाने सावरतो. ती उपदेश करीत नाही, उलटतपासणी घेत नाही. न रागावता ऐकून घेणारे वडीलधारे माणूस नैराश्यापासून बचाव करते, हे दिग्दर्शकांनी अचूक टिपले आहे.

पण जानकी भेटते ती योगायोगाने. आठवी-नववीतल्या मुलांनी अशा योगायोगाची वाट पाहायची का? घरात कुणाला नैराश्य असणे, सततची भांडणे, वर्गातला छळ, जवळच्या माणसाचा मृत्यू यांनी धोका वाढतो. वयात आल्यावर तो मुलींमध्ये अधिक दिसतो. या वयात उदासीऐवजी किंवा उदासीबरोबर चिडचिडही दिसू शकते, आणि ती उद्धटपणात जमा होते. चित्रपट इथवर येत नाही.

चित्रपटातले कासव-संवर्धन मात्र वाट दाखवते. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला अंडी कुंपणात जपतात. पिल्ले पाण्याकडे स्वतःच चालत जातात. ती राखण रोजची असते. शाळेनेही गप्प झालेल्या मुलाची रोज विचारपूस करावी. दोन आठवडे फरक नसल्यास पालकांना सांगून डॉक्टरांकडे पाठवावे. मरणाची भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी.