फायटरचं घरटं

दुकानात फायटर मासा बघणाऱ्याचं लक्ष आधी शेपटीकडे जातं. पूर्ण अर्धवर्तुळात उलगडणारी हाफमून किंवा काट्याकाट्यांची क्राउनटेल पाहूनच भाव ठरतो. पण ही झालर माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली आहे. थायलंडच्या भातखाचरांतला मूळ फायटर, म्हणजे बेटा, आखूड परांचा आणि मळकट रंगाचा असतो. डिवचला गेला की तेवढ्यापुरता झळाळतो. थायलंडनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. त्याची स्वतःची कारागिरी पाहायची, तर नजर पाण्याच्या पृष्ठभागावर न्यावी.

तिथे नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. वर येऊन हवेचा घोट घेतो, तोंडातल्या चिकट स्रावात तो घोळवतो आणि तरंगत्या पानाखाली सोडतो. उथळ, कोमट, साचल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून हा मासा डोक्यातल्या खास इंद्रियानं थेट हवाही घेतो. ज्या पृष्ठभागावर आपला श्वास, तिथेच तो पिल्लांचं घर मांडतो. सौंदर्य आणि गरज इतकी एकजीव झालेली क्वचितच दिसते.

मग मादी समोर येते. टाकीत पैदास करताना आधी ती काचेआड ठेवायची. नर कल्ल्यांची झाकणं उघडून, पर ताणून तिच्यापुढे मिरवतो. प्रतिस्पर्ध्यासमोरही तो अगदी हेच करतो! वीर आणि शृंगार इथे एकाच मुद्रेनं सुरू होतात. फरक पडतो तो तिच्या उत्तरामुळे. तयार मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटतात, ती मान खाली घालून घरट्याकडे येते. नर तिच्याभोवती कमानीसारखा वळतो. काही क्षण दोघंही निश्चल. पांढरी अंडी खाली झरू लागतात. नर भानावर येतो, सूर मारतो, अंडी तोंडात वेचून घरट्यात बसवतो. मिठीनंतर लगेच ही धावपळ, आणि पुन्हा मिठी: या लयीत शृंगार कधी वात्सल्य झाला ते कळत नाही.

अंडी संपली की तोच नर मादीला हुसकावतो. तिला तत्काळ बाहेर काढायचं. दीड-दोन दिवसांत अंड्यांतून पिल्लं निघतात, शेपट्या खाली सोडून घरट्याला लोंबकळतात. गळालेलं प्रत्येक पिल्लू बाप पुन्हा वर नेतो. ती आडवी पोहू लागली की त्याचीही भूमिका संपते, त्याला हलवायचं.

नवख्या रसिकानं एवढंच करावं: एका टाकीत एकच नर, निदान पंधरा-वीस लिटर पाणी, तापमान २६ ते २८ अंश, संथ फिल्टर आणि वर झाकण. देशी बदामाचं वाळलेलं पान टाकलं तर पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं आणि घरट्याला आडोसा मिळतो. पैदाशीची हौस असेल, तर पिल्लांसाठी सूक्ष्मजीवांचं खाद्य आधीच तयार हवं. शिवाय एका विणीतून शेकड्यांनी पिल्लं निघू शकतात, आणि नर मोठे झाले की प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. तेवढ्या बरण्या नसतील, तर जोडी लावूच नये. वयात आलेला निरोगी नर पुष्कळदा एकटा असतानाही घरटं बांधतो. पहिला अंक तेवढ्यावरही पाहायला मिळतो, आणि नवख्यासाठी तो पुरेसा आहे.