टक्केवारीत न सापडणारा मेद

दापोली तालुक्यातील हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव भरतो. तिथून घरी निघालेल्या मुलाच्या पिशवीत तारली असते. घरात खोबरेल असते, आणि फळीवर कोकमतेलाचा एखादा गोळा असतो, पायांच्या भेगांसाठी. त्याच मुलाच्या वहीत एक वाक्य असते: प्राणिज मेद संपृक्त व घन असतात, वनस्पतिज मेद असंपृक्त व द्रव असतात. हे वाक्य आम्हीही पाठ केले आणि त्यावर गुण मिळवले. घरातल्या या तीन वस्तूंपैकी एकही वस्तू ते पाळत नाही.

तारलीचे तेल प्राणिज, पण द्रव. त्यातील काही मेदाम्लांत पाच-सहा दुहेरी बंध असतात. खोबरेल वनस्पतिज, पण त्यातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त. तरीही कोकणात ते बहुधा पातळच राहते, कारण त्यातील जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा आहे आणि त्याची साखळी अवघ्या १२ कार्बनची आहे. हेच तेल पुण्याच्या थंडीत बाटलीत गोठते. कोकमतेल वनस्पतिज, आणि भर उन्हाळ्यातही घट्ट.

वहीतले वाक्य चुकीचे आहे हे दाखवणे सोपे आहे. माझी खरी तक्रार त्या वाक्याच्या जागी आपण जे ठेवतो त्याबद्दल आहे. सुधारलेल्या पुस्तकांत, आहाराच्या लेखांत आणि तेलाच्या पिशवीवर आता टक्केवारी असते: इतके संपृक्त, इतके असंपृक्त. ही टक्केवारी उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तिलाच मेदाची रचना समजणे ही जुन्या चुकीची नवी आवृत्ती आहे.

टक्केवारी काढतात कशी? मेदाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या तीन कार्बनांना जोडलेली तीन मेदाम्ले. प्रयोगशाळेत प्रथम हे जोड तोडतात, सुट्या मेदाम्लांचे मिथिल एस्टर करतात आणि वायू वर्णलेखन यंत्रात ते वेगळे करून मोजतात. लिलावातल्या टोपल्यांची कल्पना करा. प्रत्येक टोपलीत तीनच मासे, तेही ओळीने मांडलेले. सगळ्या टोपल्या एका ढिगात रिकाम्या करून आपण मासे मोजले. बांगडे किती आणि पापलेट किती ते कळले. पण कोणत्या टोपलीत काय होते आणि मधोमध कोण होते, ते मोजणीपूर्वीच पुसले गेले.

त्याने काय बिघडते, याचे उत्तर कोकमातच आहे. कोकमतेलात ढोबळमानाने ६० टक्के स्टिअरिक व ४० टक्के ओलेइक आम्ल धरू. ही आम्ले ग्लिसरॉलवर कशीही बसली असती, तर तिन्ही स्टिअरिक असलेले रेणू ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के झाले असते. असा मेद ७० अंशांच्या वर वितळतो. कडेला दोन स्टिअरिक आणि मधे ओलेइक अशी मांडणी ०.६ × ०.४ × ०.६, म्हणजे सुमारे १४ टक्के रेणूंत आली असती. प्रत्यक्षात कोकमतेलाचे सुमारे ७० टक्के रेणू याच मांडणीचे असतात, आणि तिन्ही स्टिअरिक असलेले फारच थोडे. म्हणूनच हे तेल घट्ट असूनही ४० अंशांच्या आसपास वितळते आणि तळव्यावर चोळता येते. टक्केवारी तीच ठेवून मांडणी विस्कटली, तर दुसराच पदार्थ हाती येईल. कारखान्यात मेदांची अशी फेरमांडणी करतातही.

ढीग न करता टोपली उचलायची सोय मास स्पेक्ट्रोमीटरने केली. हे यंत्र विद्युतभारित रेणूचे वस्तुमान मोजते. कोकमतेलातील या मुख्य रेणूला अमोनियम आयन चिकटवला की ९०६.८ या आकड्यावर खूण उमटते. तो रेणू यंत्रातच फोडला तर एकेक मेदाम्ल गळते. स्टिअरिक गळाले तर ६०५.६ चा तुकडा उरतो, ओलेइक गळाले तर ६०७.६ चा. कडेची आम्ले सहज सुटतात, मधले कष्टाने. तेव्हा ६०७.६ ची रेघ ६०५.६ च्या निम्म्याहूनही बरीच ठेंगणी दिसली, तर ओलेइक मधे आहे असे समजावे. अर्थात रचना ठाऊक असलेल्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागतेच.

यंत्राच्या छापील कागदापुढे मान तुकवण्याची सवयही बरी नव्हे. सिस आणि ट्रान्स यांचे वस्तुमान एकच असते, त्यामुळे केवळ वस्तुमानावरून वनस्पती तुपातले ट्रान्स मेद ओळखता येत नाहीत. त्यासाठी आधी वर्णलेखन हवेच. ग्लिसरॉलचे पहिले टोक कोणते आणि तिसरे कोणते, हेही या फोडणीतून कळत नाही.

मधली जागा म्हणजे केवळ रसायनज्ञांचा छंद नव्हे. आपल्या स्वादुपिंडाचे लायपेज हे विकर कडेची दोन आम्ले तोडते आणि मधले ग्लिसरॉललाच जोडलेले ठेवते. आईच्या दुधात पामिटिक आम्ल बहुतांशी मधल्या जागी असते, तर पामतेलात ते मुख्यतः कडेला. पामतेल घातलेली दूधपावडर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात हे पामिटिक सुटे होते, कॅल्शियमशी जुळून त्याचा अविद्राव्य साबण बनतो, शौच घट्ट होते आणि काही कॅल्शियम वाया जाते. दोन्हींत पामिटिकची टक्केवारी सारखी असली तरी हे घडते. डब्यावर मात्र टक्केवारीच वाचायला मिळते. यावरून कोकमतेल हृदयाला हितकारक वगैरे निष्कर्ष मात्र कोणी काढू नयेत. तेवढा पुरावा या मांडणीत नाही.

वर्गात यंत्र नाही, पण पिशवी आहे. तिच्यात ६० चिंचोके आणि ४० गुंजा घाला. न पाहता एकेक करून तीन काढा, ओळीने मांडा, नोंद करा आणि परत टाका. अशा शंभर ओळींत दोन चिंचोक्यांमध्ये गुंज ही ओळ साधारण चौदा वेळा येईल. कोकमाच्या बीला ती सत्तर वेळा कशी साधते, हे मुले विचारतीलच. बीमध्ये आंधळी निवड नसते. ग्लिसरॉलची मधली जागा भरणारे विकर असंपृक्त आम्लच पसंत करते, स्टिअरिकला सहसा तिथे बसू देत नाही.