अंदाजपत्रकातील ‘शोध’

ॲप तयार करून देणाऱ्या संस्थांची अंदाजपत्रके वाचताना भाषाभ्यासकाचे लक्ष रकमांपूर्वी नामांकडे जाते. ‘प्रवेश’, ‘शोध’, ‘सूचना’, ‘अहवाल’ अशी नामे एकाखाली एक मांडावयाची, प्रत्येकापुढे तास लिहावयाचे, तासांना दराने गुणावयाचे आणि बेरजेखाली मुदत घालावयाची, अशी त्यांची सर्वसाधारण रीत आहे. नामाचा अर्थ ठरण्यापूर्वीच त्याची किंमत ठरते, हा या रीतीचा मूळ दोष होय.

एका मराठी शब्दकोशाच्या ॲपसाठी आलेले असे एक पत्रक प्रस्तुत लेखकाने तपासले आहे. त्यात ‘शोध’ ही एक ओळ होती. आता ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे नोंदविता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात; यंत्राला, मुद्दाम सांगितल्याखेरीज, ती भिन्न वाटतात. अनुक्रमाचेही तेच. युनिकोडच्या संकेतक्रमात ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. शिवाय वाचक ऱ्हस्वदीर्घ चुकविणार, आणि ‘पाण्याला’ लिहूनही ‘पाणी’ सापडावे अशी अपेक्षा ठेवणार. या प्रत्येक गोष्टीला निराळे श्रम पडतात. पत्रकात ओळ एक व आकडाही एक. काम निम्म्यावर आल्यावर हे सर्व ‘वाढीव मागणी’ म्हणून पुन्हा आकारले गेले. ग्राहकाच्या मते ते ‘शोध’ या शब्दातच अंतर्भूत होते. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, असे माझे मत आहे. म्हणूनच हे उदाहरण विचारार्ह वाटते.

बॅरी बोएम यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात, अगदी प्रारंभीचा अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा चौथाई इतकाही चुकू शकतो, असे दाखविले. म्हणजे अंदाज हा स्वभावतःच एक पल्ला असतो. स्वाक्षरी होताच मात्र त्याचे वचन बनते. यावर तासागणिक आकारणीचा तोडगा सुचविला जातो. त्यात अर्थाचा वाद मिटतो, परंतु सारा धोका ग्राहकाच्या माथी जातो. त्यापेक्षा अर्थनिश्चितीचे काम आधी स्वतंत्र मोबदल्याने करून घ्यावे, व किंमत त्यानंतर सांगावी. संस्था याला नाखूष असतात, कारण स्पर्धेत कमी आकडा आधी सांगणाऱ्यास काम मिळते. ग्राहकही नुसत्या चौकशीसाठी पैसे मोजण्यास तयार नसतो.

उपरोक्त कोशात ‘काळ’ अद्याप ‘कावळ्या’च्या आधीच येतो. तो क्रम बदलण्याचे तास दुसऱ्या पत्रकातही धरलेले नव्हते.