लॅपटॉप आला, पण तास कोणाचा गेला?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक असं होतं: ‘वाशिम जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांमध्ये लॅपटॉप व प्राथमिक प्रोग्रॅमिंगचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर होणारा परिणाम: एक अभ्यास’. वाचायला भारदस्त वाटतं ना? पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, प्रायोगिक गट, नियंत्रित गट, टी-चाचणी, सगळं जागच्या जागी होतं. आरआरसीत एका ज्येष्ठ मॅडमनी एवढंच विचारलं, “लॅपटॉपचा तास वेळापत्रकात कुठे बसवणार?” मी म्हटलं, “ते शाळा ठरवेल.” त्या म्हणाल्या, “मग तुमचा निष्कर्षही शाळाच ठरवेल.” सिनॉप्सिस परत आला.

तेव्हा फार राग आला होता. नंतर वाचत गेले तसतसं कळलं, की मॅडमनी ज्या जागी बोट ठेवलं होतं, त्याच जागी या विषयावरचं बरंचसं संशोधन आणि त्याहून जास्त प्रचार घसरलेला आहे. पेट झालीय आणि विषय शोधताय अशा मित्रमैत्रिणींसाठी ही पोस्ट. ‘ग्रामीण शाळा आणि संगणक’ हा विषय दरवर्षी कोणीतरी घेतंच.

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. रायगड जिल्ह्यातलं खैराट हे छोटं गाव. २००७ च्या शेवटी तिथल्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची वीसेक मुलं. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी दाव्होसमध्ये २००५ साली १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. प्रत्यक्षात तो जवळजवळ दुप्पट किमतीला पडला. त्याआधी २००६ मध्येच आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद ठरवून नाकारली होती. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, मग यंत्र, असं मंत्रालयाचं म्हणणं. पुढे आफ्रिकेत रवांडाने दोन लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले आणि दक्षिण अमेरिकेत पेरूने त्याहून कितीतरी जास्त.

या सगळ्यामागचा विचार सीमोर पेपर्ट यांचा. मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचे. १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा केली. पडद्यावरच्या कासवाला हुकूम देऊन चित्र काढायचं. मूल यंत्राला शिकवतं आणि शिकवता शिकवता स्वतः विचार करायला शिकतं, हा त्यांचा दावा. दावा सुंदर आहे, मला अजूनही आवडतो. पण १९८४ मध्ये पी आणि कर्लंड या संशोधकांनी न्यूयॉर्कमध्ये वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना नियोजनाची कामं देऊन पाहिली. लोगो न शिकलेल्या मुलांपेक्षा ती काही सरस निघाली नाहीत. म्हणजे एक्सओ लॅपटॉप येण्याच्या वीस वर्षं आधीच धोक्याचा कंदील लागलेला होता.

आता पेरू. क्रिस्टिया आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास या विषयात सगळे उद्धृत करतात. वाचतात किती, देव जाणे. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळा, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक निवड, १५ महिन्यांनी मोजमाप. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं. गणित आणि भाषेत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली.

रचना म्हणून हा अभ्यास पक्का आहे. तरी माझी एक तक्रार आहे. लॅपटॉप आल्यावर वर्गातला वेळ नेमका कुठून कुठे सरकला, हे त्यातून हाती लागत नाही. ‘परिणाम नाही’ याचे निदान दोन अर्थ होऊ शकतात. लॅपटॉपने काहीच केलं नाही, हा एक. दुसरा असा, की त्याने थोडं दिलं आणि तेवढंच काढून घेतलं. सरासरीत दोन्ही शून्यच दिसतात. म्हणून ‘शून्य परिकल्पना त्याग करता आली नाही’ हे वाक्य लिहून प्रकरण मिटवू नका.

देणं आणि काढून घेणं वेगळं करून दाखवलं ते ली लिंडन यांनी, तेही शेजारच्या गुजरातमध्ये. हा पेपर पीएचडीला नाव नोंदवण्याआधी प्रत्येकाने वाचावा असं माझं मत आहे. ज्ञानशाला नावाच्या संस्थेच्या शाळा. गणिताचं एकच सॉफ्टवेअर दोन पद्धतींनी वापरलं. एका पद्धतीत मुलांना नेहमीच्या शाळेच्या वेळेतून काढून संगणकावर बसवलं, दुसरीत शाळा तशीच ठेवून संगणकाचा वेळ वरून जोडला. पहिल्या पद्धतीत मुलं ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली, दुसरीत ०.२८ ने पुढे गेली.

हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून असं बघा. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली आहेत, खालून वर. बरोबर मध्ये असलेलं पन्नासावं मूल दुसऱ्या पद्धतीत साधारण एकसष्टाव्या जागी जातं. पहिल्या पद्धतीत ते अठ्ठाविसाव्या जागी घसरतं. यंत्र तेच आणि सॉफ्टवेअरही तेच, बदलला तो फक्त तास. ज्ञानशालेतलं शिकवणं चांगलं होतं आणि संगणकाने नेमका तोच वेळ खाल्ला. ‘लॅपटॉपचा परिणाम’ अशी स्वतंत्र वस्तूच नसते. असतो तो ‘अमुक गोष्टीच्या जागी लॅपटॉप’ याचा परिणाम. मॅडमचा प्रश्न हाच होता.

यंत्राविरुद्ध बोलायचं म्हणून मी हे लिहीत नाही. वडोदऱ्यात बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांनी तपासलेल्या संगणकीय गणित उपक्रमाने गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढवले होते. त्याच निबंधात हेही आहे, की उपक्रम थांबल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला. आपल्याकडचे प्रस्ताव पहिला आकडा उचलतात आणि दुसरा तिथेच ठेवतात.

आता एक पुस्तक. मॉर्गन एम्स यांचं ‘द करिश्मा मशीन’, २०१९. पॅराग्वेमध्ये मुलांच्या घरी-शाळेत राहून, बघून लिहिलेलं. बहुतेक मुलं लॅपटॉपवर गाणी, व्हिडिओ आणि खेळ यांत रमली, कित्येक लॅपटॉप बिघडून पडले, आणि जी थोडी मुलं प्रोग्रॅमिंगकडे वळली त्यांच्यामागे घरचं कोणी, एखादा शिक्षक किंवा प्रशिक्षक उभा होता. एम्स यांचा सगळ्यात तिखट मुद्दा असा, की यंत्र बनवणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेलं मूल म्हणजे त्यांचंच बालपण होतं: एकटं बसून संगणक खोलून बघणारा हुशार मुलगा. हे वाचताना मला आपल्याकडची ‘आमच्या शाळेतला मुलगा स्वतःच शिकला’ छापाची भाषणं आठवली. २०१२ मध्ये नेग्रोपॉन्टे यांनी इथिओपियातल्या दोन खेड्यांत वाटलेल्या टॅबलेटबद्दल असंच सांगितलं होतं, की पाच महिन्यांत मुलांनी अँड्रॉइडच हॅक केलं. किस्सा आणि पुरावा यांतला फरक शिकायचा तर याहून चांगलं उदाहरण नाही.

पण ही चौकट जशीच्या तशी वाशिमला आणता येणार नाही. पॅराग्वेत लॅपटॉप मुलाच्या दप्तरात गेला. आपल्याकडे तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जातो. एकदा नोंद झाली की फुटल्या-बिघडल्याचा जाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो, आणि निर्लेखनाची भानगड कोणाला नको असते. मग कपाट, कुलूप आणि किल्ली. “लॅपटॉप आहेत जी, सहाच्या सहा. पण काढले आन् एखादा पडला, तर मी काय उत्तर देऊ?” हे मला एका गुरुजींनी सांगितलं आणि मला त्यात काही चूक दिसली नाही. माध्यमिक शाळांच्या आयसीटी योजनेत वेगळीच गत झाली. कंत्राट पाच वर्षांचं. कंत्राट संपलं की संगणक शिक्षक जातो, यंत्रं राहतात. करिश्मा वगैरे फार पुढची गोष्ट. आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.

दुसरी गोष्ट मला लिंडन यांच्या पेपरशी वाद घालायला लावते. आपल्या कितीतरी शाळा दोन शिक्षकी आहेत. तिसरी-चौथी एका खोलीत, एकच गुरुजी. ते चौथीला भागाकार शिकवतात तेव्हा तिसरी काय करते? फळ्यावरचं उतरवून घेते. त्यात गुरुजींच्या फोनवर कुठली तरी ऑनलाइन माहिती तातडीने भरायचा मेसेज आला, की दोन्ही वर्ग उतरवून घेतात. अशा वेळी लॅपटॉप शिकवण्याचा तास खात नाही, रिकामा तास भरतो. ज्ञानशालेत आलेली वजाबाकी इथे बेरीज होऊ शकेल. होईलच असं मी म्हणत नाही. पण २०१८ पासून ‘आकांक्षित’ यादीत असलेल्या या जिल्ह्यात हा प्रश्न मोजण्यासारखा आहे, आणि खैराटसारख्या एक शिक्षकी शाळेत तर तो पहिल्या दिवसापासून समोरच होता.

मात्र रिकामा तास यंत्र एकटं भरत नाही. मालेगाव तालुक्यातल्या एका शाळेत लोकवर्गणीतून आलेल्या लॅपटॉपवर मी लोगोचा एक तास पाहिला. चौरस सगळ्यांना जमला: फॉरवर्ड १००, राइट ९०, असं चार वेळा. मग गुरुजी म्हणाले, आता त्रिकोण, तिन्ही बाजू सारख्या, कोन ६०. मुलींनी राइट ६० दिलं. आकृती मिटेचना, वर तोंड उघडंच राहिलं. “हा तं कटोरा झाला, सर!” गुरुजीही गोंधळले. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही, मागच्या दोघांनी गुपचूप गेम उघडला. मग गुरुजींनी खडूने फरशीवर त्रिकोण काढला आणि एका मुलीला कासव केलं. कोपऱ्यावर आल्यावर ती किती वळते ते सगळ्यांनी पाहिलं. ती ६० पेक्षा बरीच जास्त वळत होती, कारण कासव आतल्या कोनाने नाही, बाहेरच्या कोनाने वळतं. १२० दिल्यावर त्रिकोण मिटला. त्या तासात लॅपटॉपने चूक दाखवली, पण ती समजावून दिली खडूने आणि चालणाऱ्या मुलीने. तिसरीचा वर्ग तोवर खिडकीपाशी बसून सगळं बघत होता. त्यांच्या वह्या बंद होत्या. तो त्यांचा तास गेला म्हणायचा की मिळाला, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी निरीक्षणवही आता वेगळी आहे. पहिल्या रकान्यात तासाची वेळ, दुसऱ्यात लॅपटॉपवर काय चाललं होतं. तिसरा रकाना सगळ्यात अवघड: लॅपटॉप नसता तर या वेळी हा वर्ग काय करत असता? तो अंदाजाने भरता येत नाही. त्यासाठी लॅपटॉप कपाटात असतानाच्या दिवशीही त्याच वर्गात, त्याच वेळी जाऊन बसावं लागतं. टी-चाचणी त्यानंतर. मार्चमध्ये सकाळच्या शाळा सुरू होतील आणि वेळापत्रकं पुन्हा बदलतील, म्हणून त्याआधी निदान दहा शाळांचे तास नोंदवायचे आहेत. नवा सिनॉप्सिस त्यावरच लिहितेय.