धडकेचा हिशेब

'चालकाला उंचीचा अंदाज न आल्याने ट्रक रेल्वे पुलाला धडकला.' हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून येते की ते कोणी लिहिते की साच्यातून पडते, असा प्रश्न पडावा. त्याच्यामागून बहुधा आणखी दोन वाक्ये येतात. वाहतूक अमुक तास खोळंबली. नुकसान तमुक रुपयांचे झाले. बातमी संपते. या तिन्ही वाक्यांविषयी आमची तक्रार आहे आणि ती भाषेची नसून विज्ञानाची आहे.

आजरा तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही, मग हा विषय इथून कशाला, असे कोणी विचारील. रूळ नसला तरी ट्रक आहेत. इथली साखर, काजू, तांदूळ घेऊन ते उत्तूर-निपाणीवरून कोल्हापूरकडे जातात, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे जातात, आणि तिथे कोठे ना कोठे त्यांना रूळ आडवे येतात. ते चालवणारांची मुले आमच्या वर्गांत बसतात. 'अंदाज न आल्याने' हे शब्द त्या मुलांच्या वडिलांविषयी लिहिलेले असतात.

पहिला शब्द 'अंदाज'. जी गोष्ट मोजता येते तिचा अंदाज करायला लावणे ही मुळातच शंकास्पद व्यवस्था आहे. आजऱ्याच्या बाजारात उभ्या असलेल्या कोणत्याही ट्रकजवळ विद्यार्थ्यांना न्यावे. रिकाम्या गाडीचे वजन रंगवलेले आढळेल, भरलेल्या गाडीचे वजन रंगवलेले आढळेल. 'हॉर्न ओके प्लीज' आढळेल, लिंबू-मिरचीही आढळेल. उंची शोधून पाहावी. ती बहुधा सापडणार नाही. ब्रिटनमध्ये तीन मीटरपेक्षा उंच वाहनाच्या केबिनमध्ये, चालकाला बसल्या जागी वाचता येईल अशी, उंचीची पाटी लावण्याची सक्ती आहे. तरीही तिथल्या रेल्वेमार्गांची देखभाल करणाऱ्या 'नेटवर्क रेल' या संस्थेच्या एका पाहणीत चाळीस टक्क्यांहून अधिक चालकांनी निघण्यापूर्वी आपण वाहनाची उंची मोजत नाही असे कबूल केले. पाटी सक्तीची असताना ही गत, तर नसताना काय होईल?

पण समजा उंची मोजली आणि लिहिलीही. ती एकच एक संख्या असते का? इथे बातमीदाराला नव्हे, तर भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना काम आहे. भरलेला ट्रक आपल्या पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगांवर, दबतो. माल उतरवला की काही सेंटिमीटर वर उचलला जातो. त्यामुळे जाताना सुखरूप गेलेली गाडी येताना रिकामी असूनही अडकू शकते. ज्याने जाताना पूल पार केला त्याचा येताना 'अंदाज' कसा चुकला म्हणायचा? उसाची वा भाताच्या पिंजराची गाडी असेल तर प्रत्येक फेरीला उंची वेगळी. आणि पुलाकडची बाजूही स्थिर नसते. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की तितकी जागा कमी होते. पाच-पाच सेंटिमीटरचे तीन थर चढले की पंधरा सेंटिमीटर गेले. वरची पाटी मात्र जुन्याच आकड्याची. ती पाटी बदलणे रस्तेवाल्यांचे काम की रेल्वेचे, यावर किती कागद हिंडत असतील याची कल्पना शिक्षकांना करून द्यायला नको.

तिसरी गोष्ट अधिक मजेची आहे. पुलाखाली पुरेशी उंची मिळावी म्हणून पुष्कळ ठिकाणी रस्ता खोल खणलेला असतो. (कोल्हापूरच्या परीख पुलाखाली पावसाळ्यात पाणी का साचते याचे कारण याच खोलगटपणात आहे.) अशा खोलगट रस्त्यावर लांब वाहनाची पुढची चाके चढाला लागलेली असतात, मागची अजून उतारावर असतात, आणि मधला भाग खड्ड्यावर अधांतरी राहतो. त्यामुळे वाहनाचे मधले छप्पर रस्त्याच्या तळापासून नेहमीपेक्षा जास्त उंचावर जाते. वर्तुळाच्या जीवेचे सूत्र दहावीच्या मुलांना सहज काढता येते: चाकांमधले अंतर ल आणि वळणाची त्रिज्या त्र असेल तर ही वाढ सुमारे ल² ÷ 8त्र इतकी असते. पुढच्या-मागच्या चाकांत 12 मीटर अंतर आणि त्रिज्या 100 मीटर घेतली तर उत्तर येते 18 सेंटिमीटर. म्हणजे सपाट जमिनीवर बरोबर मोजलेली उंची घेऊन, पाटी बरोबर वाचून, नियमाने चाललेला मनुष्यही वीतभर चुकतो. पाटी लावताना थोडी सवलत राखतात, ब्रिटनमध्ये ती किमान तीन इंचांची असते, पण तीन इंच म्हणजे आठ सेंटिमीटरही नाहीत.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1974 सालच्या मानकात भुयारी रस्त्यांसाठी किमान उंची ग्रामीण भागात 5 मीटर आणि शहरात 5.5 मीटर सांगितली आहे. एवढी जागा असती तर वरची सारी गणिते निरुपद्रवी ठरली असती. पण मिरज-कोल्हापूर मार्ग 1891 साली सुरू झाला. त्या काळच्या लोहमार्गांखालचे रस्ते आखले गेले ते बैलगाडी आणि टांगा डोळ्यांसमोर ठेवून. मोटार ट्रक तेव्हा जगातच नव्हता.

आता बळाचा प्रश्न. रोज शेकडो टनांच्या गाड्या पेलणारा पूल एका ट्रकच्या धक्क्याने का बिघडावा? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा, उत्तरे ऐकण्यासारखी येतात. 16 टनांचा ट्रक ताशी 36 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 10 मीटरने, चालला असेल तर त्याची गतिज ऊर्जा 8 लाख ज्यूल होते. तो एका मीटरच्या अंतरात थांबला तर सरासरी बळ 8 लाख न्यूटन, म्हणजे सुमारे 80 टनांच्या वजनाइतके. पुलाच्या मानाने हे थोडे आहे, पण त्याची दिशा आडवी आहे. पूल बांधला जातो तो मुख्यतः वरून खाली येणाऱ्या भारासाठी. जाड दगडी कमान स्वतःच्या वजनामुळे असा धक्का पुष्कळदा पचवते, तिचे चिरे उडतात इतकेच. लोखंडी गर्डर मात्र हलका असतो आणि आपल्या आधारांवर टेकलेला असतो. तो बाजूला सरकू शकतो. त्याच्यासोबत रूळ सरकले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून धडक बसली की वरची गाडी थांबवायची, जाणकार माणसाने पूल तपासायचा आणि मगच गाडी सोडायची. धडकेने गर्डरला ओरखडाही आला नसला तरी हे करावेच लागते.

खर्चाचा खरा उगम इथे आहे, आणि तिसऱ्या वाक्यावरची आमची तक्रारही इथेच. ब्रिटनमध्ये अशा धडका वर्षाला दीड ते दोन हजार होतात आणि त्यांचा खर्च कोटी-दोन कोटी पौंडांच्या घरात सांगितला जातो. हे आकडे वाचून आपल्याकडचे लोक तिथले चालक बेफिकीर आणि तिथले पूल नाजूक समजतात. वस्तुतः त्या रकमेतला मोठा भाग उशिराचा आहे. तिथे रूळ सांभाळणारी संस्था आणि गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या ठेवल्या गेल्या, आणि रूळ बंद राहिला तर मिनिटांच्या हिशेबाने भरपाई द्यायची असे ठरले. उशिराला किंमत लागली म्हणून खर्च दिसू लागला. आपल्याकडे गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि आपण प्रवासच केला नाही तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. पण जो फलाटावर बसून राहिला आणि उशिरा का होईना पोचला, त्याच्या वेळाची नोंद कोणत्याही वहीत नाही. तेव्हा 'नुकसान तमुक रुपयांचे' यात वाकलेल्या लोखंडाचे आणि फुटलेल्या ट्रकचे पैसे असतात. बाकीचे नुकसान झाले नाही असे नाही. ते कोणी मांडलेले नसते.

मांडायचे ठरवले तरी अडचण सुटत नाही. हजार प्रवाशांची गाडी एक तास थांबली, म्हणजे हजार मनुष्यतास गेले. समजा एका तासाला 40 रुपये धरले, तर 40 हजार रुपये. 400 रुपये धरले तर चार लाख. तोच पूल, तीच धडक, तेवढाच उशीर. मजुरांची पॅसेंजर अडली तर नुकसान किरकोळ, आणि साहेबांची एक्सप्रेस अडली तर भारी. अर्थशास्त्रात ही रीत मान्य आहे. आम्हाला ती मान्य नाही, आणि वरच्या वर्गांत यावर वाद घडवून आणावा असे आम्ही सुचवू. त्याच ओघात सरासरीचाही समाचार घ्यावा. एकूण खर्चाला धडकांच्या संख्येने भागले की दर धडकेमागे काही हजार पौंड येतात. पण आडमार्गावरच्या पुष्कळ धडका जवळजवळ फुकटात जातात आणि गर्दीच्या मार्गावरची एखादीच सारा खर्च फुगवते. अशा ठिकाणी सरासरी कोणत्याच पुलाचे वर्णन करीत नाही.

'चालकाची चूक' या निदानाची खरी परीक्षा अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅम गावी झाली. तिथल्या ग्रेगसन रस्त्यावर 1940 साली बांधलेला एक रेल्वे पूल होता, पाटीवरची उंची 11 फूट 8 इंच. 2008 पासून एका शेजाऱ्याने त्यावर कॅमेरा रोखून ठेवला आणि दीडशेहून अधिक धडका टिपल्या. इशारे कमी नव्हते. पाट्या होत्या, लुकलुकणारे दिवे होते. 2016 साली तर उंच वाहन आले की ओळखून तांबडा दिवा लावणारी आणि 'उंची जास्त आहे, वळा' असे उजळून सांगणारी यंत्रणा बसवली. ट्रक धडकतच राहिले. पुष्कळसे भाड्याचे, घरसामान हलवणारांचे; एरवी मोटार चालवणारा मनुष्य त्या दिवसापुरता ट्रकवर बसलेला. दीडशे निरनिराळ्या माणसांनी एकाच जागी एकच चूक केली, तर दोष माणसांत शोधावा की जागेत? आमच्या शाळेत एखाद्या गणितात वर्गातली चाळीस मुले सारखीच चुकली तर आम्ही फळा तपासतो.

त्या पुलाची दुसरी गंमत अशी की रेल्वेला त्याचे फारसे काही वाटत नव्हते. पुलाच्या पुढे एक भक्कम लोखंडी तुळई उभारलेली होती. ट्रक तिला आपटत, छप्पर सोलून निघे, पुलाला धक्का लागत नसे. रेल्वेच्या वहीत खर्च जवळजवळ शून्य. तो सगळा ट्रकवाल्यांकडे आणि विमा कंपन्यांकडे गेला होता. रस्ता खोल करावा तर खाली सांडपाण्याची मोठी वाहिनी. अखेर ऑक्टोबर 2019 मध्ये सुमारे पाच लाख डॉलर खर्चून पूल आठ इंच उचलला. धडका कमी झाल्या, संपल्या नाहीत.

आपल्या लेव्हल क्रॉसिंगवर दोन्ही बाजूंना दिसणारी हाइट गेजची कमान याच जातीची. 25 हजार व्होल्टच्या तारेखाली उंच माल जाऊ नये म्हणून ती आहे, आणि ती हवीच. तारेला लागण्यापेक्षा कमानीला लागणे शतपट बरे. पण कमान मोडली तर तो रेल्वेचा खर्च, ट्रक मोडला तर मालकाचा, आणि मागे तासभर अडकलेल्या एस.टी.तल्या लोकांचा कोणाचाच नाही.

आपला कायदा याबाबतीत बातमीपेक्षा शहाणा आहे. 2019 च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर उंच माल भरल्यास 20 हजार रुपये दंड ठेवला, आणि तो वाहन चालवणाराप्रमाणेच चालवायला लावणारालाही लागू आहे. माल कोणी भरला, किती भरायला सांगितला, खेपेचे पैसे वजनावर होते की फेरीवर, हे प्रश्न त्या एका शब्दात येतात. बातमीत ते कधी आलेले आम्ही पाहिले नाहीत. मोजणे अशक्य नाही हेही उघड आहे: 1999 पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेते, आणि तिथे ट्रक वर चढण्याआधी त्याची उंची तपासली जाते. अंदाजावर तिथे कोणी विसंबत नाही, कारण पुढे बोगदे आहेत आणि नुकसान झाले तर ते रेल्वेचेच असते.

ऊसतोडीच्या दिवसांत साखर कारखान्याच्या वाटेवर ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. उभ्या काठीची सावली आणि ट्रॉलीची सावली यांच्या गुणोत्तरावरून मुलांकडून दहा-वीस ट्रॉल्यांची उंची काढून घ्यावी. दूर उभे राहून, रस्ता सोडून. भरून जातानाची आणि रिकामी परततानाची, अशी दोन्ही. मग धडकेची एखादी जुनी बातमी फळ्यावर लावून चार रकाने आखावेत: नुकसान कोणाचे झाले, पैसे कोणी भरले, कोणाच्या वहीत लिहिले गेले, आणि बातमीत कोणाचे नाव आले. पहिला रकाना भरायला एक तास पुरणार नाही.