राइट, रिचर्ड

राइट, रिचर्ड : (२८ जुलै १९४३–१५ सप्टेंबर २००८). ब्रिटिश रॉक संगीतकार, गीतरचनाकार व पियानो-ऑर्गनवादक. जन्म हॅच एंड (मिडलसेक्स) येथे. लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेत असताना रॉजर वॉटर्स व निक मेसन ह्यांच्याशी त्याचा परिचय झाला. सिड बॅरेट येऊन मिळाल्यावर १९६५ मध्ये ‘पिंक फ्लॉइड’ हा बँड आकारास आला.

राइटचा मूळ ओढा जॅझकडे होता. द्रुत गतीचे वादनकौशल्य दाखविण्यापेक्षा स्वरसंघात दीर्घकाळ रेंगाळत ठेवून वातावरण निर्माण करणे, हे त्याच्या वादनाचे वैशिष्ट्य. ‘एकोज’ (१९७१) ह्या सुमारे २३ मिनिटांच्या रचनेचा प्रारंभ पियानोच्या एकाच स्वराने होतो. फिरत्या ध्वनिक्षेपकातून काढलेल्या त्या स्वराने पुढील सर्व विस्ताराची भाववृत्ती निश्चित होते. द डार्क साइड ऑफ द मून (१९७३) मधील ‘अस अँड देम’चे मूळ, आन्तोन्योनीच्या झाब्रिस्की पॉइंट (१९७०) ह्या चित्रपटासाठी त्याने रचलेल्या, परंतु चित्रपटात न वापरलेल्या पियानोरचनेत आहे. त्याच संग्रहातील ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही रचना एकट्या राइटच्या नावावर होती. तीत उत्स्फूर्त आलापी करणाऱ्या क्लेअर टॉरी ह्या गायिकेस सहरचनाकाराचे श्रेय मिळाले, ते मात्र न्यायालयात दावा लावल्यानंतर, २००५ मध्ये.

श्रेयाचा हा प्रश्न राइटलाही चुकला नाही. शब्द आणि मुख्य धून ह्यांवरून रचनाकार ठरविण्याच्या प्रथेत स्वरसंवाद व ध्वनिरंग ह्यांची नोंद होत नाही. ॲनिमल्स (१९७७) मध्ये रचनाकार म्हणून त्याचे नाव कोठेही नाही, ऑर्गन मात्र आहे. त्या सुमारास त्याची नवनिर्मिती मंदावली होती, हेही खरे. द वॉल (१९७९) च्या ध्वनिमुद्रणकाळात वॉटर्सच्या आग्रहावरून त्याला बँड सोडावा लागला. पुढील प्रयोगांत (१९८०-८१) तो वेतनावर वाजवीत होता. प्रयोग तोट्यात गेल्याने तो सोसण्याची वेळ इतरांवर आली, त्याच्यावर नाही. त्याच्याविना निघालेल्या द फायनल कट (१९८३) मध्ये शब्द प्रखर आहेत, पण त्यांना सामावून घेणारा अवकाश आक्रसलेला आहे. राइटचे कार्य नेमके काय होते, ते ह्या संग्रहावरून अधिक स्पष्ट होते.

वेट ड्रीम (१९७८) व ब्रोकन चायना (१९९६) हे त्याचे स्वतंत्र संग्रह. दुसरा अधिक सखोल. द डिव्हिजन बेल (१९९४) च्या वेळी तो पुन्हा पूर्ण सदस्य झाला. कर्करोगाने तो निधन पावला. १९९३ मधील त्याचे वादन द एंडलेस रिव्हर (२०१४) मध्ये समाविष्ट आहे.